भिशी: बारा माणसं, एक डबा आणि स्वभावाची परीक्षा

जिरावण

माणूस ओळखायचा तर त्याच्याबरोबर प्रवास करावा म्हणतात. प्रवासाला रजा लागते, तिकीट लागतं. भिशीला महिन्यातली एक संध्याकाळ पुरते आणि बारा माणसं एकदम ओळखता येतात.

आपल्या इंदुरात कुणी भिशी म्हणतं, कुणी बीसी. लोकमान्य नगरातल्या काकूंची असो की सियागंजातल्या किराणावाल्यांची, यंत्र तेच. बारा जणांनी दरमहा ५,००० काढायचे, जमलेले ६०,००० एकाने न्यायचे, पुढच्या महिन्यात दुसऱ्याने. केरळात हिला कुरी म्हणतात, मेक्सिकोत तांदा, चीनमध्ये हुई. इतक्या लांबलांबच्या लोकांनी एकच काढा उकळला, म्हणजे दुखणंही एकच असणार: पैसा हातात टिकत नाही.

आता गंमत बघा. बँकेत आरडी आहे, दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव. साडेसहा टक्के धरले तर महिना ५,००० वर वर्षाअखेर साधारण २,१०० रुपये व्याज मिळतं. भिशीत शून्य. तरी आरडी चौथ्या महिन्यात मोडणारा माणूस भिशीचा हप्ता मात्र ताप अंगात असताना मुलाच्या हाती पाठवतो. आरडी मोडली तर बँकेतला कारकून काही बोलत नाही. हप्ता चुकला तर भिशीतले अकरा जणही काही बोलत नाहीत, पण ते न बोलणं भाजीबाजारापर्यंत मागे येतं.

दुसरी गोष्ट गणिताची. एकट्याने साठवले तर ६०,००० व्हायला बारा महिने लागतात. भिशीत पहिल्याला पहिल्याच महिन्यात मिळतात, दुसऱ्याला दुसऱ्या. सरासरी काढा, साडेसहा महिने येते. शेवटचा नंबर ज्याचा, त्यालाही बाराव्या महिन्यात मिळतातच, म्हणजे एकट्याने साठवले असते तेव्हाच. कुणाचाच वेळ वाढत नाही, अकरा जणांचा कमी होतो. टिमथी बेस्ली, स्टीफन कोट आणि ग्लेन लॉरी या अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये हे रीतसर मांडलं. काकूंना ते आधीपासून ठाऊक होतं, फक्त इंग्रजीत लिहायचं राहिलं होतं.

इथे बरेच जण वर्षानुवर्षं भिशी चालवणारे आहेत. नियम, आकडे आणि कुठे फिसकटतं ते लिहा. 'आमच्याकडे एकदा काय झालं' हे नको, त्यासाठी वेगळा धागा आहे आणि तो आधीच ४०० प्रतिसादांवर गेलाय.

हिशेबी

जिरावणताई, धागा छान. आधी पाया घालू.

माणसं किती? दहा ते बारा. आठाच्या खाली रक्कम किरकोळ होते, बाराच्या वर मुदत लांबते. वीस जणांची भिशी म्हणजे वीस महिने, आणि तेवढ्या काळात एकाची बदली, एकाचं लग्न, दोघांचं भांडण हे धरूनच चालावं.

हप्ता किती? सगळ्यात मोठी चूक इथे होते. हप्ता ठरतो तो बैठकीतल्या सगळ्यात खणखणीत आवाजाच्या माणसाला झेपेल तेवढा. बाकीचे भिडेखातर मान हलवतात. खरं माप म्हणजे सगळ्यात ओढग्रस्त सभासदाला महिन्याच्या २५ तारखेलासुद्धा उसने न घेता देता येईल ती रक्कम. हे चारचौघांत विचारू नये, कुणी खरं सांगत नाही. प्रत्येकाने बिननावाच्या चिठ्ठीवर आपला आकडा लिहावा आणि त्यातला सर्वात लहान आकडा हाच हप्ता. सरासरी काढू नका. सरासरीत जो मागे पडतो तोच चौथ्या महिन्यात गळतो.

तारीख: नोकरदारांत ५ ते ७. त्याआधी पगार खात्यात पडलेला नसतो आणि १० नंतर तो उरलेला नसतो. दुकानदारांत महिन्याची भिशी तितकी जमत नाही, गल्ला रोज हलतो म्हणून त्यांची आठवड्याची किंवा रोजची असते. तिथे हप्ता रोज दुपारी गोळा करतात, कारण सकाळी बोहनी व्हायची असते आणि रात्री माणूस थकून 'उद्या बघू' म्हणतो.

तारीख इंग्रजी महिन्याचीच ठेवा. चतुर्थी-पौर्णिमेला भिशी ठेवणारे अधिक महिना आला की अडकतात, वर्षात तेरा बैठका आणि माणसं बारा. २०२६ चा अधिक ज्येष्ठच घ्या. जावयाचं वाण, पुरणाचे दिंड आणि वर एक जादा हप्ता, हे कुणाला नकोय.

उगाच

भिशीतली सगळ्यात खोटी तीन वाक्यं: 'मला कधीही द्या, घाई नाही.' 'आधी तुमची गरज बघा.' 'शेवटचा नंबर आला तरी चालेल.' तिन्ही एकाच तोंडून येतात आणि दुसऱ्याचं नाव निघालं की त्याच तोंडाला पोह्यात मीठ कमी लागतं.

तिळगूळ

उगाच, अगदी. म्हणूनच गरजेनुसार नंबर वाटणं फक्त सख्ख्या घरात चालतं. बाहेर गरज सांगायची म्हणजे घरातलं सांगायचं. मग जो उत्तम रडतो त्याला आधी मिळतं आणि ज्याची खरी नड असते तो गप्प बसतो. त्यापेक्षा चिठ्ठी बरी, तिला कुणाची दया येत नाही.

पण चिठ्ठी नीट काढायला हवी. अर्धे संशय तिथेच जन्मतात.

कागद एकाच वहीचा, तुकडे एकाच मापाचे (पट्टीने कापा, हाताने फाडलेला तुकडा बोटांना ओळखू येतो), पेन एकच. घड्या सारख्याच, दोनदा आडव्या, एकदा उभी. स्टीलचा झाकणाचा डबा आधी उलटा करून दाखवायचा, मग एकेक नाव मोठ्याने वाचून चिठ्ठी आत टाकायची. डबा हलवायचा तो ज्याचं नाव डब्यात नाही त्याने, म्हणजे ज्याने आधीच उचललंय (जमलेली रक्कम नेलीय) त्याने. चिठ्ठी काढायला लहान मूल, तेही आधी उचललेल्याच्या घरचं.

आता खरी मेख. नाव निघालं की सगळे टाळ्या वाजवून चहाकडे वळतात. वळू देऊ नका. उरलेल्या चिठ्ठ्याही सगळ्यांसमोर उघडा. एकच नाव चार चिठ्ठ्यांवर लिहिण्याची कला फार जुनी आहे आणि ती पकडायचा हा एकच मार्ग. यात कुणावर अविश्वास नाही. पहिल्याच महिन्यापासून केलं तर कुणाला लागतही नाही. पाचव्या महिन्यात सुरू केलं तर मात्र भिशी चालवणाऱ्या संचालिकेकडे संशयाने बघितल्यासारखं होतं.

आणि नियमांचा नियम: आधी सगळे हप्ते, मग चिठ्ठी. ज्याचा हप्ता आला नाही त्याचं नाव त्या महिन्यात डब्यात जात नाही. 'संध्याकाळी जीपे करते गं' हा हप्ता नव्हे.

राजवाडा_टेशन

चिठ्ठी म्हणजे नशीब. बाजारात बोलीची भिशी चालते ती उगाच नाही. ज्याला आज माल भरायचाय तो थोडं सोडेल, ज्याला घाई नाही तो थांबून कमवेल. हे जास्त न्याय्य नाही का? नंबराची वाट बघत बसायचं कशाला?

हिशेबी

भाऊ, न्याय्य आहे की नाही ते आकड्यांत बघू. तेच १२ जण, ५,०००, जमा ६०,०००. पहिला महिना रिवाजाप्रमाणे संचालकाचा, बोली नाही. दुसऱ्या महिन्यापासून बोली: जो जास्त सोडेल त्याला रक्कम, आणि सोडलेले पैसे बाराही जणांत वाटून हप्त्यातून वजा. समजा दुसऱ्या महिन्याला १०,००० सुटले, तिसऱ्याला ९,०००, असं उतरत अकराव्याला १,००० आणि बाराव्याला शून्य.

एकूण सुटले ५५,०००. प्रत्येकाच्या वाट्याला ४,५८३. म्हणजे वर्षभरात प्रत्येकाने प्रत्यक्षात भरले ५५,४१७.

दुसऱ्या महिन्याला उचलणाऱ्याच्या हाती ५०,०००. त्याला ५,४१७ रुपये लागले. ऐकायला कमी वाटतं, पण हप्त्यांच्या तारखा धरून दर काढला तर महिन्याला सुमारे २.३ टक्के पडतो, वर्षाला २८ च्या आसपास. क्रेडिट कार्डापेक्षा स्वस्त, बँकेच्या सोनेतारण कर्जापेक्षा बराच महाग. शेवटच्याला ६०,००० मिळाले, ४,५८३ फायदा, महिन्याला साधारण दीड टक्का. आरडीच्या दुपटीहून जास्त. मधे सातव्या महिन्याचा माणूस ४१७ रुपयांनी खाली, आठव्याचा ५८३ ने वर. म्हणजे सावकार आणि कर्जदार यांच्यामधली भिंत सातव्या आणि आठव्या महिन्यांमधून जाते, आणि दोन्ही बाजूंना बसलेले एकाच ताटातले भजे खात असतात.

आता संचालक बघा. पहिल्याच महिन्यात पूर्ण ६०,००० आणि वर सुटलेल्या पैशांतला वाटा ४,५८३. म्हणजे बिनव्याजी कर्ज आणि ते घेतल्याबद्दल बक्षीस. तो वसुलीला फिरतो, बुडीत स्वतः भरतो, तर हा मोबदला आहे असं म्हणता येईल. मात्र हे लेखी हवं: बुडीत तो भरणार की नाही? नुसता पहिला महिना घेणारे आणि बुडीताच्या दिवशी 'आपण सगळे एकच' म्हणणारे संचालक मुबलक आहेत.

बोलीत अजून एक स्वभाव दिसतो. माणूस घरून ६,००० सोडायचं ठरवून निघतो आणि समोरच्याने ७,००० म्हटलं की ९,००० वर जाऊन 'जिंकतो'. पैशाची गरज घरी होती, इथे आल्यावर इज्जतीची झाली. उपाय सोपा: तोंडी बोली नको, बंद पाकिटात एकच आकडा. खेळातली मजा जाते, चार-दोन हजार वाचतात.

वकिली_बाणा

कायद्याचं थोडक्यात, कारण पुढे कुणीतरी विचारणारच.

१९८२ चा चिट फंड कायदा. ज्यात सगळ्यांना आळीपाळीने पूर्ण रक्कम मिळते आणि उचलल्यानंतरही पुढचे हप्ते भरावे लागतात, त्या व्यवहाराला हा कायदा 'चिट' धरत नाही. म्हणजे काकूंची चिठ्ठीची साधी भिशी त्यात येत नाही. बोलीची भिशी मात्र येते. तिला आधी सरकारची मंजुरी आणि नोंदणी लागते. नोंदणीकृत चिटमध्ये फोरमनचं (चिट चालवणाऱ्याचं) कमिशन पूर्वी ५ टक्क्यांपर्यंत होतं, २०१९ च्या दुरुस्तीने ७ झालं.

तिसरा प्रकार सरळ टाळा: 'ज्याचं नाव निघेल त्याचे पुढचे हप्ते माफ'. मिक्सर, स्कूटर, सोन्याचं नाणं लावून हे चालतं. १९७८ च्या कायद्याने अशा योजनांवर बंदी आहे. गणितही बघा: माफ झालेले हप्ते कुणीतरी भरायचेच असतात आणि तो कुणीतरी म्हणजे ज्याचं नाव कधीच निघत नाही तो.

भुट्ट्याचा_कीस

पैशाचं झालं, आता खाण्याचं बोला. निम्म्या भिश्या हप्त्याने नाही, मेनूने बुडतात.

पहिल्या घरी पोहे, शेव, जिलबी. दुसरीला नुसते पोहे कसे द्यायचे म्हणून पोहे आणि ढोकळा. पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस येतो, त्याच्यासोबत कचोरी. थंडीत गराडू (कंद) तळायचे, मग गराडू आहेत तर मुगाचा हलवा का नको? सातव्या घरी छोले-भटुरे आणि आइस्क्रीम. यात दुष्ट कुणी नसतं. प्रत्येक जण फक्त मागच्या घराची तुलना करतो, पहिल्या घराची नाही. जिना असा एकेक पायरीने चढला जातो आणि किती वर आलो ते कुणी बघत नाही.

घरी बारा जणांना नाश्ता दोन पदार्थांत आणि चहात ६०० ते ८०० रुपयांत होतो. तेच ३,००० वर गेलं तर ५,००० च्या भिशीत यजमानाने निम्म्याहून जास्त हप्ता तळणात घातला. मग जिची ओढाताण असते ती 'यंदा पाहुणे आहेत' म्हणून बैठक टाळते, पुढच्या महिन्यात हप्ताही लांबवते. लोकांना वाटतं पैशाची अडचण. अडचण असते आइस्क्रीमची.

नियम: एक तिखट, एक गोड, चहा. तिसरा पदार्थ केला तर ५१ रुपये दंड, आणि तो खरोखर घ्यायचा. पहिल्यांदा घेतला की हशा होतो, दुसऱ्यांदा कुणी करत नाही. शिस्तीपेक्षा सुटका जास्त असते त्यात. कमी करायची इच्छा प्रत्येकीला असते, आधी कोण करणार एवढाच प्रश्न.

उगाच

पुरुषांच्या भिशीत हा त्रास नाही. तिथे सगळे ५६ दुकानावर, म्हणजे इंदुरातल्या खाऊगल्लीत जमतात, चौदा प्लेटी मागवतात आणि बिलाच्या वेळी तिघांचे फोन एकदम वाजतात.

कोरडा_पाऊस

बुडवण्याबद्दल कुणी लिहिलं नाही अजून.

उचलल्यानंतर प्रत्येकाकडे किती देणं उरतं याचा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर लावा: पहिल्या महिन्याचा ५५,०००, चौथ्याचा ४०,०००, सहाव्याचा ३०,०००, दहाव्याचा १०,०००. जोखीम पहिल्या चार जणांत दाटलेली असते. त्यामुळे नवीन माणूस घेतला तर त्याचं नाव पहिले चार महिने डब्यात टाकायचं नाही, हे आत येतानाच सांगायचं. ज्याला ते अपमानास्पद वाटतं तो बहुतेक पहिल्या महिन्यासाठीच आलेला असतो.

पहिल्या चौघांना जामीन हवा, आणि जामीन आतलाच, ज्याने अजून उचललेलं नाही असा. त्याचे स्वतःचे पैसे अडकलेले असतात, म्हणून तो वसुलीला उठतो. आधी उचललेला जामीन म्हणजे पावसात भिजलेल्याची छत्री.

पुढच्या तारखांचे चेक घेता येतात. चेक त्याच्या तारखेपासून तीन महिनेच चालतो, तेव्हा वेळेवर बँकेत टाका. न वटल्याची खबर बँकेकडून आली की ३० दिवसांत लेखी नोटीस, मग समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस. प्रत्यक्षात चेक वटवायला नसतो, ड्रॉवरमध्ये दिसायला असतो.

बुडवणारा एका दिवसात बुडवत नाही. क्रम ठरलेला आहे. आधी हप्ता वेळेवर पण बैठकीला गैरहजर. मग दोन दिवस उशीर आणि भरपूर कारण. मग अर्धा हप्ता. मग फोन उचलत नाही, पण व्हॉट्सॲपवर सुप्रभात सुरू. पहिल्याच पायरीला घरी जाऊन चहा प्यावा. अर्ध्या हप्त्यापर्यंत थांबलात तर उशीर झाला. आणि जाताना दोघांनी जावं, पाच जणांनी नाही. पाच गेले की त्याचं घर दुखावतं, मग पैसे न देण्याला कारण मिळतं. लाज हे औषध आहे, मात्रा जास्त झाली की रोगी दवाखाना बदलतो.

जिरावण

कोरडा_पाऊस, पहिल्या पायरीबद्दल शंभर टक्के सहमत.

भुट्ट्याचा_कीस यांच्यावरून आठवलं. बायका भिशीत का असतात यावर सिवान अँडरसन आणि ज्याँ-मारी बालाँ यांनी नैरोबीच्या किबेरा वस्तीत अभ्यास केला होता, २००२ मध्ये छापून आला. त्यांचं म्हणणं असं की नवऱ्याबरोबर राहणारी स्त्री भिशीत जाते ती बरंचसं पैसा घरापासून लांब ठेवायला. कपाटातल्या डब्यात पैसे असले तर ते 'आपले' असतात. भिशीत असले की ते 'त्या बायकांना द्यायचे' असतात, आणि बायकोचे पैसे मागणारा नवरा त्या अकरा बायकांकडे मागत नाही. भिशी म्हणजे अकरा कुलपांची तिजोरी.

सराफ्यातली_मांजर

सोन्याच्या भिशीचं लिहिते, भाव वाढले की सगळ्या तिकडेच वळतात.

रुपयांच्या भिशीत शेवटच्याचं नुकसान महागाईने होतं. सोन्याच्या भिशीत दहा जणी घ्या. हप्ता रुपयांत ठरवायचा नाही, वजनात: त्या दिवशीच्या भावाने प्रत्येकीने एका ग्रॅमचे पैसे. जिचं नाव निघेल तिला १० ग्रॅमचं हॉलमार्क नाणं. भाव वाढला तर सगळ्यांचा हप्ता वाढतो, पण पहिलीला आणि दहावीला वजन सारखंच. एकेक ग्रॅमची दहा नाणी घेण्यापेक्षा दहाचं एक स्वस्त पडतं, घडणावळ ग्रॅममागे कमी लागते. भावावर ३ टक्के जीएसटी धरूनच हप्ता काढा, नाहीतर तेवढा फरक उचलणारीच्या पर्समधून जातो आणि ती वर्षभर बोलून दाखवते.

कुठे बिघडतं? जिने पहिल्या महिन्यात उचललं आणि नंतर भाव चढला, ती म्हणते, 'माझ्या वेळी तर भाव कमी होता, मी जास्त का भरू?' तिचं नाणंही तेवढंच चढलंय हे तिला दिसत नाही, कारण ते लॉकरमध्ये आहे आणि हप्ता हातात आहे. हे वाक्य येणार हे धरून पहिल्या दिवशीच वहीत लिहून सही घ्या.

हिशेबी

एक राहिलं. सुरुवात कधी करायची? बरेच जण गुढीपाडव्याला करतात. मुहूर्त चांगला, गणित वाईट. दिवाळीचा महिना मधोमध सातवा-आठवा येतो आणि सगळ्यांना तोच हवा असतो. जूनला शाळेची फी म्हणून तिसऱ्यावरही डोळा.

त्यापेक्षा दिवाळी झाल्यावर पुढच्या महिन्यात सुरू करा. मग पुढची दिवाळी येते बाराव्या महिन्याच्या आसपास. ज्या शेवटच्या नंबराला सगळे तोंड वाकडं करायचे, त्याच्या हाती नेमके दिवाळीला ६०,००० पडतात. एक पैसा जास्त न देता शेवटची खुर्ची गादीची झाली. तरी कुणाला नंबर बदलायचा असेल तर बदलू द्या, पण बैठकीत, वहीत दोघांच्या सहीने. जिन्यात ठरलेली अदलाबदल तिसऱ्याच्या कानावर जाते तेव्हा तिची किंमत दहापट झालेली असते.

राजवाडा_टेशन

हे भारी आहे हिशेबीकाका. बोलीचा हट्ट सोडला. बाराव्या महिन्यात मग चिठ्ठी काढायची गरजच नाही ना? नाव तर एकच उरतं.

तिळगूळ

काढायची. आणि त्या महिन्यात तर हप्त्याआधी डब्याला हातसुद्धा लावू नका.

विचार करा, बारावा महिना सगळ्यात कठीण असतो. अकरा जणींनी उचललेलं आहे, आता पैसे देऊन कुणालाच काही मिळायचं नाही. नव्या भिशीची बोलणी सुरू झालेली असतात, 'पुढच्यात वळते करा' असा सूर निघतो. जिला घ्यायचंय ती एकटी, आणि ती बहुतेक सगळ्यात गरीब स्वभावाची, म्हणून तर शेवटपर्यंत थांबली. त्यामुळे नव्या भिशीची नावं त्या दिवशी लिहायची नाहीत. आधी अकरा हप्ते ताटात मोजायचे, तिचा स्वतःचा बारावा, मग ती एकटी चिठ्ठी डब्यात टाकून, हलवून, काढून मोठ्याने वाचायची. नवी वही चहानंतर.